पोहे-जिलबी आणि कात्री : 'एक रसिक' यांना उत्तर

नमस्कार 'एक रसिक',

उत्तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून स्वतंत्र लिहितोय. ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आवडत्या सिनेमाची घरच्या घरी स्वतःपुरती आवृत्ती कशी करावी, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत की दुसऱ्याच्या कलाकृतीला कात्री लावणं म्हणजे तिला विद्रूप करणं. त्यात दिग्दर्शकाच्या हेतूचा अपमान आहे आणि कायद्यातही ते बसत नाही. अमेरिकन दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गचं मी दिलेलं उदाहरण माझ्याच अंगाशी येतं. फ्रेम रेटबद्दल, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पळतात त्याबद्दल, मी अर्धवट लिहिलंय. शिवाय ती आवृत्ती मी पेन ड्राइव्हवर मित्रांना वाटली. आणि शेवटी हे वाक्य : "इंदूरला पोहे-जिलबी खात बसून संकलनाच्या गप्पा मारणं सोपं आहे, ज्यांनी स्टीनबेकवर हात काळे केले त्यांना जाऊन विचारा." (स्टीनबेक म्हणजे फिल्म संकलनाचं जुनं टेबल-यंत्र.)

आधी जे मान्य आहे ते मोकळेपणाने मान्य करतो. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये "प्रोजेक्ट २५ फ्रेमवर ठेवा" हे मी लिहिलं ते डीव्हीडीपुरतं खरं आहे. सिनेमा चित्रित होतो सेकंदाला २४ फ्रेमने, आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर तोच २५ ने पळवलेला असतो. ब्लू-रेवरून काम करणाऱ्याने २४ च्या आसपासच राहावं, नाहीतर कॅमेरा आडवा फिरला की चित्र गचके खातं. लेखात तेवढं वाक्य वाढवलंय, धन्यवाद. फक्त एक लक्षात घ्या. २५ ने पळवल्यामुळे तीन तासांचा सिनेमा डीव्हीडीवर सात मिनिटं आधी संपतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित चढे लागतात. हे करणाऱ्या कंपन्यांना कुणा रसिकाने विद्रूपीकरणाबद्दल पत्र लिहिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता ते वाक्य.

आपण कुठून लिहिता हे आपण सांगितलेलं नाही, पण सूर ओळखीचा आहे. आम्ही 'तिकडचे' मराठी. चार पिढ्या होळकरांच्या गावात काढल्या तरी पाहुण्याने "अरे वा, मराठी छान बोलता की तुम्ही" म्हणायचं आणि आम्ही हसून चहाचा कप पुढे करायचा. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाट्यप्रयोगाला सभागृह भरलं की इंदूरचा प्रेक्षक दर्दी ठरतो. त्याच प्रेक्षकाने एखादं मत मांडलं की लगेच पोहे आठवतात. मतभेद असू द्या, हरकत नाही. पण मुद्दा खोडायचा तर मुद्दा खोडावा. माणूस कुठल्या गावात बसून काय खातो, यावर त्याचं संकलनाचं ज्ञान मोजायची ही रीत मला तरी नवी आहे.

आणि इंदूरचा सिनेमाशी संबंध काय, असं विचारायचं असेल तर थोडं ऐकून घ्या. हिंदी सिनेमाच्या धंद्यात देशाचे जे विभाग पाडलेत त्यांत सीआय, म्हणजे सेंट्रल इंडिया, हा एक, आणि त्याच्या वितरकांचा अड्डा इंदूरच. माझे धाकटे काका इथल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीजचं नाव घेत नाही, ती इमारतही आता उरलेली नाही. पोरांना केबिनमध्ये मज्जाव होता, पण काकांचा जेवणाचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मला कुणी हटकायचं नाही. दोन प्रोजेक्टर, आत जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या, तो करपट वास. दोन हजार फुटांचं एक रीळ, म्हणजे बावीस मिनिटांच्या आसपास. आमच्याकडे येईपर्यंत प्रिंट मोठ्या शहरांत घासून-पुसून आलेली असे. ती मध्येच तुटली की हॉलमध्ये शिट्ट्या सुरू व्हायच्या. काका शांतपणे दोन्ही टोकं कात्रीने सरळ करायचे, एका टोकावरचं इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, ब्लेडने खरवडायचे, फिल्म सिमेंटचा, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रवाचा, थेंब सोडायचे आणि दाबून धरायचे. दर जोडात दोन-चार फ्रेम जायच्या. त्या तुकड्यांचे मालक आम्ही पोरं.

पण खरं संकलन दुसऱ्या आठवड्यात व्हायचं. रात्रीचा शो वेळेत सुटला पाहिजे, असा मॅनेजरचा निरोप यायचा आणि एखादं गाणं डब्यातच राहायचं. कुठलं गाणं, हे काका ठरवत. त्यासाठी ते पडद्याकडे बघत नसत. केबिनच्या झरोक्यातून खाली लोकांच्या डोक्यांकडे बघत. ज्या गाण्याला डोकी उठून विडी ओढायला बाहेर जातात, ते गाणं गेलं. आता मला सांगा, त्या आठवड्यात इंदूरच्या लोकांनी जो सिनेमा पाहिला तो कुणाचा? दिग्दर्शकाचा, मॅनेजरचा की काकांचा? तिकीट तर पूर्ण सिनेमाचं घेतलेलं होतं.

मी स्वतः कॉलेजात असताना लग्नाच्या कॅसेटी जोडायचो. दोन व्हीसीआर शेजारी शेजारी, एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड दाबून पॉज. बोट अर्धा सेकंद उशिरा उठलं की मंगलाष्टकातलं शेवटचं 'सावधान' गायब आणि दुसऱ्या दिवशी वधूपिता दारात. मध्ये एक शॉट वाढवायचा म्हटलं तर तिथून पुढचं सगळं नव्याने उतरवा. आज टाइमलाइनवर माउसने क्लिप इकडची तिकडे सरकवणाऱ्यांना त्याची कल्पना यायची नाही. स्टीनबेकला मी हात लावलेला नाही, हे खरं. पण साहेब, फिल्म हाताळताना पांढरे सुती हातमोजे घालायची पद्धत होती, बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून. स्टीनबेकवर हात काळे कोण करून घेत होतं, ते एकदा विचारूनच या.

दिग्दर्शकाच्या हेतूवर आपण बरंच लिहिलंत. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. ठाकूर गब्बरला ठार मारतो, असा शेवट चित्रित झालेला होता. आणीबाणीतल्या सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि ऐनवेळी पोलीस येऊन उभे राहिले. मूळ शेवट असलेली, नीट डागडुजी केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. म्हणजे पन्नास वर्षं आपण सगळे ज्याला अभिजात म्हणत आलो, त्याचा शेवट सरकारी कात्रीचा होता. (लिहिणाऱ्या दोघांपैकी सलीम खान इंदूरचे, जावेद अख्तर यांचा जन्म ग्वाल्हेरचा. पोहे-जिलबीचा परिणाम असावा.)

सोडरबर्गचं म्हणाल, तर त्याने '२००१ : अ स्पेस ओडिसी'ची स्वतः केलेली ११० मिनिटांची आवृत्ती २०१५ मध्ये आपल्या संकेतस्थळावर टाकली, आणि स्टुडिओने व कुब्रिकच्या वारसांनी सांगितल्यावर काढून घेतली, हे बरोबर आहे. लेखात मी ते लिहिलं नाही कारण लेख त्याबद्दल नव्हता. पण मूळ दिग्दर्शक कुब्रिकने स्वतः १९६८ मध्ये प्रीमियर झाल्यानंतर सुमारे १९ मिनिटं कापली होती. मग त्याचा पवित्र हेतू कोणता धरायचा, पहिल्या रात्रीचा की नंतरचा? आणि सोडरबर्गने आवृत्ती काढून घेतली ती संकेतस्थळावरून. त्याच्या घरच्या डिस्कमधली काढायला कुणी गेलं असेल असं मला वाटत नाही.

आता 'विद्रूप' केलं म्हणजे नेमकं काय केलं ते सांगतो, कारण लेख आपण वरवर चाळला असावा अशी मला दाट शंका आहे. सिनेमाचं नाव इथे मुद्दाम घेत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वळेल. मला त्यातला विनोदी मामा काढायचा होता. जेवणाच्या प्रसंगात वडील पाण्याचा ग्लास उचलतात, मामा कोटी करतो, सगळे हसतात, वडील बोलायला लागतात. मामा उडवला की भरलेला ग्लास एकदम रिकामा होतो. मध्ये काहीतरी हवं. त्याच प्रसंगात आधी आईचा एक शॉट आहे, पण ती बघते भलतीकडे. चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं तर नजर जुळली, आणि पदर उजव्या खांद्यावर गेला. आई क्षणात गुजराती झाली. ते सोडलं. शेवटी वडिलांच्या पाठीमागून घेतलेला शॉट थोडा लांबवला आणि त्यावर आधीच्या प्रसंगातला ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज टाकला. ग्लास दिसत नाही, ऐकू येतो, आणि डोळा तक्रार करत नाही.

खरी मारामारी आवाजाची. खाली व्हायोलिनचा एक लांब सूर चालू आहे, तो मामाबरोबर कापला गेला की कानाला ठेच लागते. ५.१ ट्रॅकमध्ये, म्हणजे सहा वेगळ्या चॅनेलांत विभागलेल्या आवाजात, संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात, संगीत बाजूच्या. त्यामुळे मधला चॅनेल तिथल्या तिथे कापून डावा-उजवा सूर मागून ताणता येतो. जुन्या सिनेमांच्या डिस्कवर हे ५.१ पुष्कळदा मागाहून बनवलेलं असतं आणि सगळं सगळीकडे सांडलेलं असतं. इथे नशिबाने बरं निघालं.

आणि मामा गेल्यावर काय दिसलं? कोटीच्या आधी वडिलांच्या ताटात दोन पोळ्या आहेत, नंतर भात आहे. मूळ संकलकाकडे तो धागा जोडणारा शॉट नसणार. त्याने मामाच्या हशाखाली ताट बदललंय. इतक्या वर्षांत हा सिनेमा कितीदा पाहिला असेन, मला ते कधी दिसलं नव्हतं. मामा मला आजही आवडत नाही, पण तो तिथे का आहे हे आता मला माहीत आहे. नुसतं बसून पाहणाऱ्या रसिकाला ते कळेल असं मला वाटत नाही. राग मानू नका.

कायद्याचं दोन ओळींत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी वाजवी उपयोगाला सूट आहे. कलम ५७ मध्ये कर्त्याला कृतीच्या मोडतोडीविरुद्ध हक्क आहे, तेही मला ठाऊक आहे. फक्त त्या कायद्याच्या व्याख्येत सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता, आपला लाडका दिग्दर्शक नव्हे. डिस्क मी पैसे मोजून घेतलेली आहे, ती कपाटात जशीच्या तशी आहे, मामासकट. ज्याला पूर्ण पाहायचाय त्याने अवश्य पाहावा.

आपण याला 'रिकामटेकड्यांचा उद्योग' म्हणालात, त्याला उत्तर देत नाही. माझा लेख साडेतीन पानांचा, आपली प्रतिक्रिया जवळपास तेवढीच, आणि ती आली रात्री पावणेदोनला.

लेख काढून टाका, अशी आपली सूचना आहे. काढणार नाही. पुढचा लेख सेंटर चॅनेलवरच, म्हणजे त्या मधल्या चॅनेलवरच आहे आणि आपली प्रतिक्रियाही मी उडवलेली नाही, एक अक्षर न कापता ठेवली आहे. पेन ड्राइव्हचं म्हणाल तर ते चार जण घरचेच आहेत, आणि तो लेखाचा विषय नव्हता. त्यावर मला इथे काही बोलायचं नाही.