विद्यार्थ्यांनी राजकारणात यावे, पण हातात एखादा प्रश्न घेऊन

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की घराघरांतून एक सल्ला हमखास दिला जातो: "शिकायला चालला आहेस, राजकारणात पडू नकोस." हा सल्ला काळजीपोटी दिला जातो हे मला मान्य आहे. पण ज्या मुलाला किंवा मुलीला तो दिला जातो, तिची शिष्यवृत्ती कधी जमा होणार, तिच्या गावची एसटी किती वाजता सुटणार, तिच्या विद्यापीठाचे निकाल वेळेवर लागणार की नाही आणि ती ज्या पदाची तयारी करते त्याची जाहिरात निघणार की नाही, हे सगळे राजकारणातच ठरते. जिल्ह्याच्या ठिकाणी राज्यशास्त्र शिकवताना आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. विद्यार्थ्याने राजकारणात जरूर यावे. मात्र एखाद्या नेत्याच्या मागे झेंडा घेऊन जाण्याआधी त्याने एक छोटा सार्वजनिक प्रश्न हाती घ्यावा आणि तो कागदोपत्री, सभेत आणि कार्यालयात शेवटपर्यंत नेऊन दाखवावा. राजकारणाचे खरे शिक्षण तिथेच होते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली, तेव्हा औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्यापैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले आणि मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाला त्याच पिढीतून कार्यकर्ते मिळाले. पुढे मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. या सोळा वर्षांच्या लढ्यात विद्यार्थ्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास भोगला, आणि त्या काळात गावोगावच्या दलित वस्त्यांवर काय गुदरले हेही विसरता येत नाही. विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते, ही त्यातली सर्वांत कठीण बाब आहे. वय तरुण आहे म्हणून भूमिका न्याय्य असतेच असे नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो.

दुसरीकडे याच राज्याने विद्यार्थ्यांच्या हातातले लोकशाहीचे सर्वांत जवळचे साधन काढून घेतले. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ झाले आणि ती १९८९ मध्ये अमलात आली. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाली आणि त्यानंतर खुल्या निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्ग प्रतिनिधी गुणवत्तेवर, म्हणजे गुणपत्रिका पाहून नेमण्याची पद्धत आणली. म्हणजे अठराव्या वर्षी देशाचे सरकार निवडायला पात्र ठरलेल्या नागरिकाला स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार उरला नाही. हिंसा झाली होती हे खरे आहे, तिची भीती खोटी नव्हती. पण तिच्यावरचा उपाय नियमांत आहे. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या, त्यांत उमेदवाराला पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा, वयाची अट, हजेरीची अट आणि छापील फलकांवर बंदी असे सगळे होते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली, तरीही निवडणुका या ना त्या कारणाने लांबणीवरच पडत राहिल्या. ज्यांनी स्वतः विद्यार्थी चळवळीतून राजकारणात प्रवेश केला, त्याच पिढीच्या हातात सत्ता असताना हे घडले, याचे मला मनापासून वाईट वाटते. महाविद्यालयातली निवडणूक म्हणजे हरणे शिकण्याची जागा असते. ज्याच्याविरुद्ध उभे राहिलो त्याच्याच शेजारी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बसायचे, हे शिक्षण दुसरीकडे कुठे मिळत नाही.

निवडणुका होत नाहीत म्हणून हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. सर्वांत आधी मतदार यादीत नाव असावे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारही तारखांना वयाची अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यांची नोंद होते आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही देता येतो. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावच्या घरी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, यांपैकी एका ठिकाणी नाव नोंदवता येते, हे कित्येकांना ठाऊकच नसते. नमुना क्रमांक ६ भरायला फारसा वेळ लागत नाही. ज्याला स्वतःचे नाव नोंदवता आले, त्याने आपल्या वसतिगृहातल्या प्रत्येक खोलीत जाऊन इतरांचेही नाव नोंदवून घ्यावे.

खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ग्रामसभेला जायला सांगतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते आणि गणपूर्तीसाठी पंधरा टक्के मतदार किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. प्रत्यक्षात बहुतेक गावांत सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि मग मोजक्या लोकांत सगळे ठराव मंजूर होतात. दहा-बारा विद्यार्थी वह्या घेऊन पुढच्या रांगेत बसले तर सभेची तऱ्हाच बदलते, हे मी पाहिले आहे.

आमच्या महाविद्यालयात एका मार्गावरून येणाऱ्या मुलींची मोठी अडचण होती. सकाळची एसटी उशिरा सुटायची आणि पहिले दोन तास बुडायचे. संध्याकाळची लवकर सुटायची, त्यामुळे प्रात्यक्षिक अर्धवट टाकून निघावे लागायचे. मुलींनी आधी आगारात तोंडी विनंती केली, तिचा काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी रीतसर कामाला सुरुवात केली. त्या मार्गावरच्या प्रत्येक गावातून किती पासधारक विद्यार्थी येतात याची यादी केली, कोणत्या दिवशी गाडी किती वाजता आली याची नोंद एका वहीत ठेवली, प्राचार्यांचे पत्र घेतले आणि दोन गावांच्या ग्रामसभांत विषय मांडून वेळ बदलण्याचा ठराव करून घेतला. एका गावात "हा विषय ग्रामपंचायतीचा नाही" असे उत्तर मिळाले, तेव्हा द्वितीय वर्षातली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "ठराव करून मागणी पाठवायला कुणाची हरकत आहे, ते इतिवृत्तात लिहा." त्यानंतर ठराव झाला. ती वही, दोन ठराव आणि पत्र एकत्र जोडून मुली आगार व्यवस्थापकांना भेटल्या आणि सकाळच्या गाडीची वेळ बदलली. संध्याकाळच्या गाडीचा प्रश्न सुटला नाही, त्यासाठी चालक आणि गाडी कमी असल्याचे सांगण्यात आले. पण कोणते काम आगारात होते आणि कोणत्या कामासाठी विभागीय कार्यालयात जावे लागते, आमदारांचे पत्र कधी उपयोगी पडते आणि कधी पडत नाही, हे त्या मुलींना आज माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. राज्यशास्त्राच्या पेपरात यातले काहीच विचारले जात नाही.

शहरातल्या विद्यार्थ्यांना ग्रामसभा नसते, पण अंदाजपत्रक असते. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली छोटी कामे सुचवण्याची सोय केली आहे. पदपथ, दिवे, बाक, स्वच्छतागृहे अशी ही कामे असतात आणि अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. शहरात शिकायला आलेली हजारो मुले ज्या पदपथावरून रोज चालतात, त्याविषयी त्यांनी कधी अर्ज केलेला नसतो. खेड्यासाठी ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहायला मिळतो. आपल्या गावचे पान उघडावे, त्यात झालेली म्हणून दाखवलेली कामे लिहून घ्यावीत आणि सुट्टीत घरी गेल्यावर ती जागेवर जाऊन पाहावीत.

तिथे तफावत दिसली तर माहिती अधिकार आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो आणि उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. याखेरीज २०१८ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढून जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची मुभा दिली. दीडशे शब्दांत नेमके काय हवे ते मागणे ही मोठी कसोटी असते. "रस्त्याची सर्व माहिती द्यावी" असे लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही. कामाचा आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि देयक मागणाऱ्याला मिळण्यासारखे बरेच असते. एक पथ्य मात्र मी कटाक्षाने पाळायला सांगतो: मिळालेली माहिती कुणाला धमकावण्यासाठी वापरायची नाही, ती सभेत सर्वांसमोर वाचायची.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर हा तिचा साचा आहे. माझा या योजनेवर जीव आहे, म्हणूनच एक तक्रार करतो. सात दिवस गाव झाडायचे, भिंतींवर घोषणा रंगवायच्या, समारोपाला पाहुणे बोलावायचे आणि परत यायचे, असे शिबिर विद्यार्थ्याला प्रामाणिक श्रम शिकवते, परंतु गाव पुन्हा अस्वच्छ का होते हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. घंटागाडी का नाही, ग्रामपंचायतीकडे स्वच्छतेसाठी निधी किती आला, सांडपाण्याचा उतार कोणत्या बाजूला काढला, याचा शोध त्याच सात दिवसांत घेता येतो. सेवा आणि राजकारण यांच्यामध्ये आपण जी भिंत उभी केली आहे, ती इथे आडवी येते.

त्याच भिंतीमुळे लोकसेवा म्हणजे स्पर्धा परीक्षा, असा समज घट्ट झाला आहे. पुण्यातल्या अभ्यासिकांत बसलेल्या मुलामुलींच्या कष्टांविषयी मला नितांत आदर आहे. याच विद्यार्थ्यांनी मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलल्यावर रस्त्यावर बसून नवी तारीख मिळवली, २०२३ मध्ये वर्णनात्मक परीक्षा पद्धत २०२५ पर्यंत लांबवून घेतली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी येत असल्याने तारीख बदलायला लावली. एवढी संघटनशक्ती असलेल्या तरुणांना आपण राजकारणात नाही असे वाटते, हे मला अनाकलनीय आहे. त्यांची मागणी पूर्ण झाली की संघटना विरून जाते. त्यांच्या अभ्यासाचा, कायद्याच्या ज्ञानाचा उपयोग गावोगावच्या ग्रामपंचायतींना व्हावा, असे त्यांना कुणी सुचवतही नाही. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महापालिकेची निवडणूक लढवायला एकवीस वर्षे पुरतात. आर. आर. पाटील १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेत गेले, विलासराव देशमुख कायद्याचे शिक्षण घेऊन १९७४ मध्ये बाभळगावचे सरपंच झाले, देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक झाले. पक्ष कोणताही असो, वाट स्थानिक संस्थेतूनच गेली. म्हणूनच मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे आणि राज्यातल्या इतर अनेक ठिकाणी प्रशासक बसले, तेव्हा तरुण कार्यकर्त्यांची एक अख्खी तुकडी दाराबाहेर ताटकळत राहिली.

पक्षात जावे का, असे विद्यार्थी मला विचारतात. जावे, असेच माझे उत्तर आहे. पक्षाविना लोकशाही चालत नाही आणि चांगल्या मुलांनी पक्षांपासून दूर राहावे हा आग्रह पक्षांना आणखी बिघडवतो. मात्र एक गोष्ट पालकांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांची भीती निराधार नाही. मोर्चात पुढे असतात ती विद्यार्थी पोरे, गुन्हे दाखल होतात त्यांच्यावर, आणि पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते प्रकरण वर येते, तेव्हा ज्यांनी बोलावले होते त्यांचा फोन लागत नाही. म्हणून कोणत्याही आंदोलनाला जाण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: पोलिसांना रीतसर कळवले आहे का, अटक झाली तर वकील कोण उभा राहणार, आणि बोलावणाऱ्याचा स्वतःचा मुलगा किंवा मुलगी आज सोबत आहे का. मुलींच्या बाबतीत आणखी एक. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि तरी अनेक गावांत कारभार 'सरपंच पती' पाहतात. शिकलेली मुलगी सदस्य म्हणून बसली आणि इतिवृत्त स्वतः वाचून सही करू लागली, तर तिच्या जागी दुसऱ्या कुणाला बोलता येणार नाही. तिला उभे राहायला घरातून पाठबळ मिळाले पाहिजे, आणि ते मिळवून देण्यासाठी मी पालकांच्या घरी जाऊन बोलायला तयार असतो.

पदवी हातात पडली की दोन नोंदी तेवढ्या कराव्यात. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात, त्यासाठी विद्यापीठाकडे पदवीधर म्हणून नाव नोंदवावे लागते. आणि विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासाठी पदवीला तीन वर्षे झाल्यावर नमुना १८ भरावा लागतो. ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते, त्यामुळे मागच्या वेळी नाव होते या समजुतीवर राहिलेल्यांना मतदान करता येत नाही. माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यातले काही अडले असेल, त्यांनी महाविद्यालयात येऊन भेटावे. अर्ज आपण सोबत बसून भरू.