आजीचं फडकं, कंबर तलावातला सायक्लॉप्स आणि आमच्या गल्लीतली पाइप

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीत एकाच आठवड्यात नऊ जणांना जुलाब-उलट्या झाल्या. शेजारची सहा वर्षांची पोर दुपारी अंगणात खेळत होती. संध्याकाळी तिचे डोळे खोल गेले होते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहत होती. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शरीरातलं पाणी गेलं की कातडीचा ताण जातो, हे वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलेय. बोटांना ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सलाईन वेळेवर लागलं, पोर वाचली. पण नंतर एक साहेब आले आणि गल्लीतल्या बायकांना गोळा करून म्हणाले, "तुम्ही लोक पाणी चार-चार दिवस साठवता म्हणून हे होतं. गाळून, उकळून प्या." विष्ठेचा नमुना एकाचाही घेतला नाही. तो कॉलरा होता की आणखी काही, हे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघितल्याशिवाय पक्कं सांगताच येत नाही. दोष मात्र पक्का ठरला, टिपाडं भरून ठेवणाऱ्या बायकांचा.

आणि साठवणार नाही तर काय करणार? नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. सोलापूरकराला हे नव्यानं सांगायला नको.

त्यांच्या 'गाळून' या शब्दावर मला बोलायचंय.

माझी आजी अक्कलकोटकडची. हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं बांधल्याशिवाय ती घागर रिती करायची नाही. नवं कापड चालायचं नाही, धुऊन धुऊन मऊ झालेलंच लागायचं. कारण विचारलं की एकच शब्द सांगायची, नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात जाणारा लांब जंत. नारूचं पिल्लू पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारक्या जिवाच्या पोटात असतं. तो जीव फडक्यात अडकला की नारू टळला. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, त्यात अशा लाखो फडक्यांचा वाटा आहे.

दरवर्षी मी पोरांना सोलापुरातल्या कंबर तलावाचं पाणी आणून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते. थेंबात सायक्लॉप्स दिसतो. एकच डोळा, शेपटाकडं दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या, आणि झटके देत पळणं. पोरं ओरडतात. मग मी सांगते, कॉलऱ्याचा जंतू याच्याच भाऊबंदांच्या अंगावर राहतो.

पटकी, म्हणजेच कॉलरा, हा माणसाच्या घाणीतून आलेला रोग, असंच आपण धरून चाललोय. अमेरिकेतल्या रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं खपून दाखवलं की हा जंतू मुळात पाण्याचाच रहिवासी आहे. खाडीच्या, नदीमुखाच्या पाण्यात तो या बारक्या जिवांच्या कवचाला हजारोंनी चिकटून जगतो. बांगलादेशातल्या मतलब भागात त्यांनी बायकांना जुनी सुती साडी किमान चार पदरी करून पाणी गाळायला शिकवलं. २००३ साली निष्कर्ष आले : कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी. तिथंही जुनीच साडी. धुतलेल्या सुताचे तंतू सैल होऊन फुगतात आणि भोकं बारीक होतात. आजीचा हट्ट बरोबर होता हे वाचून मी त्या रात्री खरंच रडले.

पण सुटा जंतू फडक्यातून आरपार जातो. अडकतो तो दुसऱ्या जिवाच्या पाठीवर बसलेला. म्हणजे तळ्या-नदीच्या पाण्याला फडकं कामाचं. आमच्या गल्लीतलं पाणी तसं नव्हतं. जुनी पाइप गटारीला चिकटून गेलेली आहे. चार दिवस ती रिकामी पडते, आतला दाब जातो आणि बाहेरचं पाणी फटीतून आत ओढलं जातं. पाणी आलं की घरोघरी थेट लाइनीला मोटारी लागतात (आमच्याकडंही होती, मी काढली), त्यांनी ओढ आणखी वाढते. पहिली पाच मिनिटं तोटीतून मातकट, वास मारणारं पाणी येतं ते यामुळं.

त्यात, रोग्याच्या पोटातून नुकताच बाहेर पडलेला कॉलऱ्याचा जंतू काही तास जास्त जोरकस असतो, त्याला रोग द्यायला कमी संख्या पुरते, हे २००२ च्या संशोधनात दिसलं. एका घराच्या संडासापासून दुसऱ्या घराच्या तोटीपर्यंत तासाभराची वाट असेल, तर त्यासारखं धोक्याचं काही नाही. तिथं लुगड्याचे दहा पदर लावले तरी उपयोग शून्य.

रोग नेमका कुठं घडतो तिथंच बघावं लागतं. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांनी १८८४ साली कलकत्त्यात जंतू पक्का ओळखला, पण तो माणसाला मारतो कसा हे पुढं पाऊणशे वर्षं कुणाला दाखवता आलं नाही. कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सोडला. तुकडा पाण्यानं टम्म फुगला. १९५९ साली त्यांनी ते छापलं. जंतू आतड्यातच विष सोडतो आणि ते विष शरीरातलं पाणी बाहेर खेचतं. हे नाव आमच्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? मला स्वतःला एम.एस्सी. होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, याचा राग अजून गेलेला नाही.

उलट 'दोषी कोण' हे ठरवायची घाई फार जुनी. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत कॉलऱ्याचं खापर यात्रेकरूंवर फोडलं गेलं. आपल्या पंढरपूरच्या वारकऱ्यांकडंही इंग्रज अंमलदार रोगाचे वाहक म्हणूनच बघत. चालत आलेल्या माणसाला प्यायला काय पाणी मिळतं हा प्रश्न मागे पडायचा. आमच्या गल्लीत गेल्या श्रावणात तेच झालं.

बायकांनी उकळावं, मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब) टाकावं, मीही सांगते. जुलाब लागले की लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजत दवाखाना गाठायचा. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चारच्याही खाली आणलं होतं. हे घराघरात पाठ पाहिजे.

पण गॅस कुणाचा जळतो, दिवस कुणाचा मोडतो? विडी वळून घर चालवणाऱ्या बाईला दहा लिटर पाणी रोज उकळायला सांगणं सोपं आहे, वीस फूट पाइप बदलणं अवघड आहे, असं कसं?

आम्ही गल्लीतल्या सत्तावीस घरांनी लेखी मागणी दिलीय. पाण्याच्या प्रत्येक दिवशी ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायची चाचणी) टाकीजवळ नको, लाइनीच्या शेवटच्या घराच्या तोटीवर करा, आमच्या डोळ्यांसमोर. तिथं लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं पाहिजे. थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. ज्या घराच्या तोटीवर पिवळं होणार नाही, तिथून मागं खणत या.