पीएचडी म्हणजे एमबीएच्या वरची पायरी नव्हे

परवा रात्री साडेअकराला जुन्या ऑफिसमधल्या एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, एमबीए करू की पीएचडी? करिअरला काय चांगलं?" बस, एवढंच. मी तीनदा उत्तर टाइप केलं, तीनदा डिलीट केलं, आणि मग म्हटलं इथेच लिहावं, कारण हा प्रश्न मला दर महिन्या-दीड महिन्याला कुणीतरी विचारतंच. मी दोन्ही केलंय ना, आधी एमबीए, मग आठ वर्षं नोकरी, मग पस्तिशीत मॅनेजमेंटमधली पीएचडी, त्यामुळे लोकांना वाटतं हिला नक्की माहीत असणार.

मुळात गोंधळ असा आहे की आपल्या डोक्यात शिक्षण म्हणजे जिना. बॅचलर्स, त्याच्या वर मास्टर्स, त्याच्या वर डॉक्टरेट. मग साहजिकच वाटतं की एमबीएने एवढा पगार मिळतो तर पीएचडीने त्याहून जास्त मिळत असेल. तसं काहीही नसतं. या दोन वेगवेगळ्या इमारती आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी पीएचडीला अॅडमिशन घ्यायला एमबीए लागतही नाही, गणित किंवा इकॉनॉमिक्स किंवा सायकॉलॉजी करून आलेली पोरं आमच्या बॅचमध्ये होती आणि खरं सांगते, पहिल्या वर्षी ती माझ्या कितीतरी पुढे होती.

माझी पहिल्या सेमिनारची गोष्ट सांगते. मी आठ वर्षं कंपन्यांमध्ये काढून आलेली, कॉन्फिडन्स फुल. चर्चेत मी ठासून म्हटलं की कंपन्या असे निर्णय असेच घेतात. सरांनी शांतपणे विचारलं, कशावरून? म्हटलं, मी पाहिलंय. किती कंपन्यांत? तीन. ते फक्त "बरं" म्हणाले आणि पुढे गेले. मला त्या "बरं"ची अजून लाज वाटते. एमबीएने मला शिकवलं होतं की अर्धीच माहिती हातात असली तरी उद्या सकाळपर्यंत निर्णय घ्यायचा आणि तो चारचौघांत ठामपणे मांडायचा. पीएचडीत बरोब्बर ती सवय मोडायला दोन वर्षं गेली, कारण तिथे पुरावा नाही तोवर तोंड उघडायचं नाही आणि पुरावा मिळाला तरी जपून उघडायचं.

याला इतिहासही आहे. हार्वर्डने १९०८ मध्ये एमबीए सुरू केलं ते मॅनेजर तयार करायला. डॉक्टरेटची आजची संशोधनवाली पद्धत जर्मन युनिव्हर्सिट्यांमधून आली, अमेरिकेतली पहिली पीएचडी येलने १८६१ मध्ये दिली. दोन्ही आपापल्या वाटेने चालले होते. मग १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशनच्या पैशातून झालेले दोन मोठे रिपोर्ट आले आणि त्यांनी बिझनेस स्कूल्सना चांगलंच झोडपलं, की तुमच्याकडे संशोधन नाही, शिकवणं उथळ आहे वगैरे. त्यानंतर बिझनेस स्कूल्सनी पीएचडीवाले अर्थशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, स्टॅटिस्टिक्सवाले भराभर घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे आज गंमत अशी की एमबीएच्या वर्गात शिकवणाऱ्या कितीतरी प्रोफेसरांनी कधी कंपनी चालवलेली नसते, आणि ज्याने चालवलीय त्याला नुसत्या एमबीएवर कायमची प्रोफेसरकी सहसा मिळत नाही. प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस असा एक दरवाजा आहे, पण तो इंडस्ट्रीत बरीच वर्षं वरच्या जागेवर काढलेल्यांसाठी, आणि बहुतेक वेळा कॉन्ट्रॅक्टवर. म्हणून "पुढेमागे शिकवीन" असं मनात असेल तर हे आधीच माहीत असू दे.

आता पैसे. सगळ्यांना वाटतं एमबीए महाग, पीएचडी फुकट. वरवर खरं आहे, एमबीएची फी डोळे पांढरे करते आणि चांगल्या पीएचडी प्रोग्राममध्ये फी माफ असते, वर स्टायपेंड मिळतो. पण हिशोब पूर्ण करा ना. एमबीएत दोन वर्षांची फी आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार. पीएचडीत अमेरिकेत पाच वर्षं धरा, सहाही होतात, युरोपात तीन-चार, आणि ही वर्षं ऐन पगार वाढायच्या वयातली. स्टायपेंडवर पोट भरतं, बचत होत नाही. मी एकदा वहीत बसून माझा हिशोब मांडला होता, तेव्हा खर्चात माझ्या फुकटच्या पीएचडीने माझ्या लोनवाल्या एमबीएला आरामात मागे टाकलं. नंतर ती वही मी उघडली नाही 😅

एमबीएबद्दल एक गोष्ट जी अॅडमिशनच्या आधी कुणी नीट सांगत नाही. लोक म्हणतात, मला काय करायचंय ते कळत नाहीये, एमबीए करता करता कळेल. नाही कळत. दोन वर्षांच्या कोर्समध्ये कन्सल्टिंग आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंगवाले पहिल्या काही महिन्यांतच दारात उभे राहतात, कारण त्यांना मधल्या सुट्टीतल्या इंटर्नशिपसाठी पोरं हवी असतात आणि पुढे नोकरी बऱ्याचदा त्या इंटर्नशिपमधूनच पक्की होते. म्हणजे तुम्ही अजून लायब्ररी कुठाय ते शोधताय आणि शेजारचा केस इंटरव्ह्यूची (एखाद्या कंपनीचा प्रश्न देऊन तो सोडवायला सांगतात तो) प्रॅक्टिस करतोय. फ्रान्समधल्या इन्सियाड या बिझनेस स्कूलसारखा दहा महिन्यांचा कोर्स असेल तर श्वास घ्यायलाही वेळ नाही. थोडक्यात, जो दिशा ठरवून येतो त्याला एमबीए पटकन तिथे पोचवतं, आणि जो फिरायला येतो तो बाकीचे जातात तिकडेच जातो. मी अशीच गेले होते, सगळे ज्या रांगेत उभे होते त्या रांगेत.

आणि कॉलेजवर खूप अवलंबून असतं हेही कडू सत्य आहे. एमबीएत अभ्यास सगळीकडे साधारण तोच, फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स. फरक पडतो तो कुठल्या कंपन्या कॅम्पसवर येतात आणि तुमच्या बाजूला कोण बसलंय त्याने. पीएचडीत कॉलेजइतकाच गाइड महत्त्वाचा, कधीकधी जास्त. माझे पहिले गाइड (नाव नाही, डिपार्टमेंटही नाही) सात-सात आठवडे ड्राफ्ट वाचायचे नाहीत आणि मग मीटिंगमध्ये विचारायचे, हे कधी पाठवलंस? गाइड बदलण्यात माझं अख्खं वर्ष गेलं. बॉस वाईट असला तर नोकरी बदलता येते हो, गाइड वाईट असला तर कधी कधी विषयच बदलावा लागतो.

पीएचडी सुटते ती हुशारी कमी पडते म्हणून फार कमी वेळा. अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सने मोठा अभ्यास केला होता, त्यात दहा वर्षांनंतरही पीएचडी पूर्ण केलेले साधारण ५७ टक्के निघाले. बाकीच्यांचं काय होतं? पैसा, घर, गाइड, एकटेपणा. आणि रिजेक्शन. माझा पहिला पेपर जर्नलला पाठवून सात महिने वाट पाहिली आणि उत्तर काय आलं, तर प्रश्नच इंटरेस्टिंग नाही. ज्याला दर तिमाहीला शाबासकी लागते त्याने इकडे येऊच नये, मनापासून सांगते.

मग पीएचडीचा करिअरला उपयोग काय? जिथे ती लागतेच किंवा सहसा मागितली जाते तिथे तिला तोड नाही. युनिव्हर्सिटी, औषध कंपन्यांची रिसर्च लॅब, सेंट्रल बँकांमधले इकॉनॉमिस्ट, एआयची मूलभूत संशोधनाची कामं, क्वांट फंड (गणिताच्या मॉडेलवर पैसे गुंतवणारे). मॅकिन्सी आणि बीसीजीसारख्या कन्सल्टिंग फर्म पीएचडीवाल्यांना थेट घेतात, एमबीए न करता. पण याच्या बाहेर पडलात तर एचआरवाले रिझ्युमेकडे बघून "हा आपल्याकडे टिकेल का" असा चेहरा करतात, मी तो चेहरा दोनदा पाहिलाय.

कुणी लगेच म्हणेल, मोठ्या लोकांचं काय? मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला नोकरी सांभाळून वीकेंडला शिकागोला जाऊन एमबीए झाले, १९९७ मध्ये. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या लिसा सू यांच्याकडे एमआयटीची १९९४ ची इंजिनियरिंगमधली पीएचडी आहे, एमबीए नाही, आणि २०१४ पासून त्या कंपनी चालवतायत. यावरून काय ठरवणार? दोघांनीही आधी स्वतःचं काम उत्तम जमवलं होतं एवढंच मला दिसतं.

मधला रस्ता म्हणून हल्ली डीबीएच्या (डॉक्टर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन) जाहिराती खूप येतात. सीनियर लोकांनी नोकरी करत, स्वतःच्या खिशातून, कामातल्याच एखाद्या प्रश्नावर करायची डॉक्टरेट. वाईट नाहीये, पण नावावर जाऊ नका. मॅनेजमेंटमधले नावाजलेले प्रोफेसर सी. के. प्रल्हादांची १९७५ ची हार्वर्डची डॉक्टरेटही डीबीएच होती आणि ती पूर्णवेळ संशोधनाची होती, आज त्याच नावाखाली कुठे काय मिळतं ते प्रोग्रामगणिक बदलतं. तिथून बाहेर पडलेले आज काय करतात ते शोधा, प्रॉस्पेक्टस नको.

तर त्या ज्युनियरला मी शेवटी उत्तर असं दिलं नाही, दोन कामं दिली. एक, ज्या कोर्सला जायचंय तिथल्या पाच वर्षांपूर्वीच्या बॅचमधली दहा माणसं लिंक्डइनवर शोध, कॉलेजच्या जाहिरातीतल्या फोटोतली तीन नाहीत, कुठलीही दहा, आणि त्यांचं रोजचं काम तुला करावंसं वाटतं का ते बघ. दोन, तुझ्या आवडत्या विषयातल्या चांगल्या जर्नलचे पाच पेपर पूर्ण वाच, सारांश नाही, मेथडसकट.

काल रात्री रिप्लाय आला. "ताई, दहातल्या आठ जणांचं काम म्हणजे मी आत्ता करतोय तेच आहे, फक्त पगार जास्त. पेपर पहिले दोन डोक्यावरून गेले, तिसऱ्याला झोपलो, चौथा ठीक. पाचव्यात त्यांनी डेटा चुकीचा कापलाय असं मला वाटतंय, मी एक्सेलमध्ये करून बघतोय."

मी विचारलं, किती वाजलेत तुझ्याकडे? म्हणाला, पावणेतीन. मी म्हटलं ती फाइल मला पाठव.