‘रामबाण’ फवाऱ्याचा मेसेज आणि पानामागची मंडळी

जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसायला लागला की गच्चीबागेच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर इकडेतिकडे बदलतो, गाभा तोच. एक लिटर पाण्यात कडुनिंबाचं तेल, भांडी घासायचं लिक्विड, व्हिनेगर, खायचा सोडा आणि चमचाभर मीठ घाला, दर दोन दिवसांनी फवारा. कीड जास्त असेल तर तंबाखूचं पाणी मारा. कडेने झेंडू लावा. बागेत एकही किडा दिसणार नाही, आणि सगळं नैसर्गिक असल्यामुळे अपाय शून्य! यात एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून तर मेसेज टिकून आहे. बाकीच्यांचं बघू.

‘सगळं एकत्र केलं की ताकद वाढते.’

उलट आहे. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कधर्मी. एकत्र आले की फसफसतात, एकमेकांना मारतात आणि मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. त्या फेसाचा किडीला काडीचाही त्रास होत नाही. व्हिनेगर जास्त पडलं तर पानं मात्र करपतात. मिठाचं तर नावच काढू नका. जमिनीतलं मीठ निदान पावसाने खाली निघून जातं. कुंडीत ते साचत राहतं, आणि महिन्याभराने पानांच्या कडा तपकिरी पडल्या की आपण पुन्हा ‘कीड लागली’ म्हणून तोच फवारा मारतो.

भांड्याचं लिक्विड म्हणजे साबण नव्हे, डिटर्जंट. तेलकटपणा ओरबाडून काढणं हेच त्याचं काम, आणि पानावरचा मेणाचा पातळ थर त्याच्या लेखी तेलकटपणाच. साबणाचा उपाय मुळात खरा आहे, पण तो पोटॅशियमच्या मऊ साबणाचा. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकणाची (शेंड्यांवरचा पांढरा कापूस तो हाच) पिल्लं अशा मऊ अंगाच्या किडींवर तो चालतो, तेही अंगावर पडला आणि ओला असला तरच. वाळला की संपला. त्यामुळे पानाच्या वरच्या बाजूला ऐटीत फवारून उपयोग नाही, बाटली खालून वर धरायला हवी. आणि आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा.

‘कडुनिंबाचं तेल मारलं की किडी लगेच मरतात.’

कडुनिंब खरोखर उपयोगी आहे, पण त्याची कामाची तऱ्हा वेगळी. त्यातला अ‍ॅझाडिरॅक्टिन हा घटक किडीची खाण्यावरची वासना उडवतो आणि अळी-पिल्लांचं कात टाकणं बिघडवतो. याला काही दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी किडा हलताना दिसला म्हणून लोक मात्रा दुप्पट करतात आणि कोवळे शेंडे जाळून बसतात. शिवाय हा घटक उन्हात लवकर विघटित होतो. सकाळी दहाला फवारणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. संध्याकाळी मारा, तेव्हा मधमाश्याही घरी गेलेल्या असतात.

कडुनिंबाची पानं उकळून केलेलं पाणी हा मेसेजचाच एक पाठभेद. अ‍ॅझाडिरॅक्टिनचा खरा साठा निंबोळीच्या बियांत असतो, पानांत फार कमी. शेतकरी वापरतात तो 5 टक्के निंबोळी अर्क घरी सहज जमतो: 50 ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, किंचित मऊ साबण घालून त्याच दिवशी संपवायची. साठवून ठेवू नका.

‘तंबाखूचं पाणी नैसर्गिक, म्हणून निर्धोक.’

निकोटिन हे विष आहे, आणि ते कातडीतूनही शरीरात जातं. निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून भारतात वापरायला बंदी आहे. ते पाणी आपण कोथिंबिरीवर, पालकावर मारायचं आणि दोन दिवसांनी भाजी खुडायची? त्यात आणखी एक गोम: तंबाखूच्या वाळलेल्या पानातही मोझॅक विषाणू तग धरतो, आणि टोमॅटो-मिरची त्याच कुळातली. किडा मारायला गेलो आणि रोग घेऊन आलो.

‘झेंडू लावला की कीड फिरकत नाही.’

झेंडूच्या मुळांतली द्रव्यं मातीतल्या सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक जंतांना, त्रास देतात, हे खरं. टोमॅटोच्या शेतातही झेंडू लावतात, पण कीड पळवायला नव्हे, बोलवायला! फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालते आणि टोमॅटो वाचतो. शिफारस असते ती टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूच्या एका ओळीची. गॅलरीतली एकुलती एक कुंडी हे काम कसं करणार? उन्हाळ्यात तर झेंडूवरच लाल कोळी बसतो.

‘बागेत एकही किडा दिसता कामा नये.’

माझा खरा आक्षेप इथे आहे. पिठ्या ढेकणांच्या गर्दीत कधीकधी एक मोठा, जास्त झिपऱ्या असलेला पांढरा किडा भराभर चालताना दिसतो. लोक त्यालाच आधी चिरडतात, ‘हा बघा, यांचा बाप’ म्हणून. तो असतो क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याचा (लेडीबर्डचा) डिंभक, म्हणजे पिल्लू, आणि तो तिथे पिठ्या ढेकूण खायला आलेला असतो. हा ढालकिडा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, किडी खाण्यासाठीच. पानावर केसाएवढ्या देठावर उभी असलेली पांढरी टिंबं दिसली तर ती क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकिड्याची अंडी. त्याच्या अळ्या मावा फस्त करतात. दर दोन दिवसांच्या फवाऱ्यात ही सगळी मंडळी जातात. मावा आठवड्याभरात पुन्हा भरतो, ढालकिडा भरत नाही.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण पपईचं. मेक्सिकोकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला सापडला आणि तमिळनाडूत पपई, तुती, कसावा सगळ्यांवर तुटून पडला. फवारण्या करून लोक थकले, कारण त्याचं मेणाचं आवरण औषध आत जाऊ देत नाही. शेवटी 2010 मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या बारीक गांधीलमाश्या आणवल्या. त्यातली अ‍ॅसेरोफॅगस पपाये ही पिठ्या ढेकणाच्या पोटातच अंडं घालते. काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. आटोक्यात, नामशेष नव्हे. सगळी संपली असती तर माशीही उपाशी मेली असती.

मग जास्वंदीचं काय करायचं? आधी मुंग्या बघा. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात. मुंग्यांची वाट तोडली, कुंडीला भिंतीपासून आणि शेजारच्या फांद्यांपासून सोडवलं की निम्मं काम मित्रकीटक करतात. मग पाण्याची जोरदार धार, पानांच्या मागून, सकाळच्या वेळी, दोन-तीन दिवसांआड. थोडेच ढेकूण असतील तर जुना टूथब्रश पुरतो. नत्राचं खत काही दिवस बंद ठेवा, कारण खूप कोवळी लुसलुशीत फूट म्हणजे माव्याला आमंत्रण. कापसाने गच्च भरलेला शेंडा सरळ छाटा, आणि तो कुंडीतच टाकून न देता पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, नाहीतर पिल्लं चालत परत वर येतात.