भाड्याच्या खोलीतला देव

चहा यायच्या आधीच पक्या सुरू झाला. "बिग बँग झाला म्हणजे विश्वाला सुरुवात आहे. सुरुवात आहे म्हणजे सुरू करणारा आहे. विषय संपला! न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकातच सांगून ठेवलंय, मडकं दिसलं की कुंभार आलाच."

"उदयनांचा कुंभार आयत्या मातीतून मडकं घडवतो," नंदू म्हणाला. "त्यांच्या न्याय-वैशेषिक दर्शनात परमाणू नित्य आहेत, देवानेही ते निर्माण केलेले नाहीत. तुझा देव शून्यातून विश्व काढतोय. आधी कुठला देव ते ठरव. आणि बिग बँगची समीकरणं सुरुवातीपाशी मोडून पडतात. त्याआधी काही नव्हतं असं ती कुठे म्हणतात?"

"आपल्या नारळीकर सरांनी तर बिग बँगच मानला नाही," शिऱ्याने मध्येच टाकलं. "देवबिव काही नसतं रे. आज ना उद्या सगळ्याचं उत्तर विज्ञान देईल."

"सगळ्याचं देईल हे कुठल्या प्रयोगात सिद्ध झालं?" नंदूने विचारलं. " नियम कसे चालतात ते विज्ञान सांगतं. मुळात नियम आहेतच का, काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने 1714 मध्ये विचारलं. कुठल्या दुर्बिणीतून दिसणार त्याचं उत्तर?"

पक्याने टाळीसाठी हात पुढे केला. "बघा! शेवटी वारकरी आपल्याच बाजूचा!"

नंदूने टाळी दिली नाही. "प्रश्न उरला म्हणजे उत्तर सापडलं असं होत नाही. विज्ञानाला कळत नाही तिथे देव बसवायचा आणि कळलं की उठवायचा? माझा विठोबा असल्या भाड्याच्या खोलीत राहत नाही."

यावर पक्याने मोबाइलवरचा फॉरवर्ड वाचायला घेतला. 'नासाने मान्य केले' इथपर्यंत आल्यावर शिऱ्याने मोबाइलच काढून घेतला.

मग नंदूने लमेत्र सांगितला, आणि माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा तिथेच आहे. बेल्जियमचा हा कॅथलिक पाद्री. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 साली त्याने आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून मांडलं. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या नव्या विश्वशास्त्रात निर्मात्याची खूण पाहिली, तर ते या पाद्र्यालाच रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला सारखाच मोकळा आहे, ही त्याची भूमिका. ज्याच्या श्रद्धेबद्दल शंका घ्यायला जागा नाही, त्यानेच पुरावा म्हणून आपलं गणित वापरू दिलं नाही. मला हा माणूस फार मोठा वाटतो. आपल्याकडे वेद प्रमाण मानूनही जगाचा कर्ता नाकारणारे कुमारिल भट्ट होऊन गेले, हेही नंदूनेच आठवून दिलं.

"म्हणजे माझं सगळंच चूक?" पक्या कुरकुरला.

"एक बरोबर आहे," शिऱ्या म्हणाला. "प्रत्येक कार्याला कारण असतं. गेल्या गणपतीच्या हिशोबात साडेचार हजार कमी आले, त्याचं कारण सांग."

"मी खजिनदार होतो फक्त!"

"कुंभार सापडला!" नंदू ओरडला, आणि त्या हशात चहाचं बिल पक्याच्या नावावर लागलं.