‘किक’ : हसण्याआड लपवलेले काम

सुरेंदर रेड्डी यांचा ‘किक’ हा तेलुगू चित्रपट २००९ च्या मे महिन्यात आला, तेव्हा मी तो सोलापुरात शेजारच्या काकांबरोबर पाहिला होता. काका पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवत, घरी तेलुगू बोलत आणि मला न कळलेला प्रत्येक संवाद कानाशी वाकून मराठीत सांगत. गेल्या आठवड्यात तो चित्रपट पुन्हा पाहिला आणि त्याच्याविषयी इतकी वर्षे जे ऐकत आलो, ते मला अजिबात पटेनासे झाले. पूर्वार्धातला धुडगूस निव्वळ वेळकाढू आहे आणि खरी गोष्ट मध्यंतरानंतर सुरू होते, असे अनेक जण म्हणतात. माझ्या मते तो धुडगूस हाच या कथेचा पाया आहे.

रवी तेजाने रंगवलेला कल्याण एकामागून एक नोकऱ्या सोडतो, कारण त्याला कशातच ‘किक’ बसत नाही. पुढे मलेशियात नैना आणि तिच्याशी लग्नाची बोलणी चाललेला पोलीस अधिकारी गप्पा मारत बसतात. ती आपल्याला सोडून गेलेल्या विक्षिप्त प्रियकराविषयी सांगते, तो आपल्याला सतत हुलकावणी देणाऱ्या चोराविषयी सांगतो, आणि दोघे एकाच माणसाविषयी बोलत आहेत हे हळूहळू आपल्या लक्षात येते. मात्र हा माणूस चोरीचे पैसे आजारी मुलांच्या उपचारांवर खर्च करतो, हे त्या दोघांपैकी कोणालाही ठाऊक नसते. ज्याला सगळे जग उडाणटप्पू समजते, त्याच्यावर संशय तरी कोण घेणार? वक्कंतम वंशी यांच्या कथेतला विनोद या गुपिताची राखण करतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. विनोदी अभिनेते ब्रह्मानंदम यांचा ‘हलवा राज’ जितका फसतो, तितकेच आपणही फसलेले असतो.

पोलीस अधिकाऱ्याचे नावही कल्याणच, कल्याण कृष्ण. शाम या अभिनेत्याने तो अतिशय संयत केला आहे. हा माणूस भ्रष्ट नाही, दुष्ट नाही, आपले काम निष्ठेने करतो, आणि त्यामुळेच पाठलागात आपले मन दोन्हीकडे ओढले जाते. २०१४ च्या हिंदी आवृत्तीत खलनायकाला इतकी जागा दिली गेली की ही ओढाताण फार पातळ झाली. २०१५ च्या दुसऱ्या तेलुगू भागात तर नायक उघडपणे गावाचा तारणहार होतो, आणि गुपित संपल्यावर गंमतही संपते.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खुपली होती आणि आजही खुपते. नैनाशी कल्याण वारंवार खोटे बोलतो, स्मृती गेल्याचे सोंगही आणतो, आणि तिच्या मनस्तापाची भरपाई चित्रपट फार स्वस्तात उरकतो.

चोरीचे समर्थन करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण ही कथा ज्या आंध्र प्रदेशात लिहिली गेली, तिथे गरिबांच्या मोठ्या आजारांवरील खर्च सरकारने उचलावा म्हणून ‘आरोग्यश्री’ योजना २००७ मध्येच सुरू झाली होती. महाराष्ट्रात तशी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आली. म्हणजे रुग्णालयाच्या खर्चाची भीती हा त्या काळातल्या प्रेक्षकांच्या घरातला विषय होता. पडद्यावरचा चोर त्यांना आपला वाटला, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

काकांच्या पुतणीला त्याच्या आदल्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला होता. अनामत रक्कम भरल्याशिवाय दाखल करून घेणार नाही, असे एका रुग्णालयाने सांगितल्यावर काकांनी मालकाकडून उचल घेतली होती आणि काकूंच्या पाटल्या मोडल्या होत्या. चित्रपटात आजारी मुलांचा प्रसंग सुरू झाला, तसे माझ्या कानाशी चाललेले भाषांतर थांबले. मीही काही विचारले नाही. बऱ्याच वेळाने ब्रह्मानंदम पुन्हा पडद्यावर आले, सगळे थिएटर हसले, आणि काकांनी उपरण्याने तोंड पुसून पुढचा संवाद मला मराठीत सांगितला.