बाईच्या कादंबरीत तिचा संसार हुडकणाऱ्यांसाठी

बाईनं कादंबरी लिहिली की आपल्याकडे कुजबुज ठरलेली. हे तिचंच असणार! पुरुषाच्या नायकानं तीन ठिकाणी जीव लावला तर ती प्रतिभा, आणि बाईच्या नायिकेनं एकदा लावला की लगेच "कोण हो तो?"

लेखिकेचं आयुष्य लेखनात उतरतंच, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण आपण ते हुडकतो कुठे, तर तिच्या लग्नात नाहीतर लफड्यात. तिच्या नोकरीकडे कोणी बघतच नाही.

विभावरी शिरूरकरांचंच बघा. १९३३ मध्ये ह. वि. मोट्यांनी त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह छापला आणि गदारोळ उडाला. निषेधाच्या सभा झाल्या. ही विभावरी आहे तरी कोण, कुणी पुरुषच तर नसेल ना, इथपर्यंत तर्क गेले. होत्या त्या बाळूताई खरे, घोडनदीच्या म्हणजे शिरूरच्या, हिंगण्यात शिकलेल्या आणि पुण्याच्या कन्याशाळेत शिकवणाऱ्या. (त्याच सुमाराला 'अलंकार-मंजूषा' हे दागिन्यांवरचं पुस्तक मात्र त्यांनी स्वतःच्या नावानं काढलं होतं. दागिन्यांवर लिहिणाऱ्या बाईचा कुणाला त्रास होणार?)

त्या संग्रहात 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' नावाची कथा आहे. मिळवती, बिनलग्नाची मुलगी आणि तिच्या पगारावर चाललेलं वडिलांचं घर. अशी मुलगी तेव्हा कुणाच्या नजरेला पडणार? जी रोज शिक्षिकांच्या खोलीत बसते, पहिल्या तारखेनंतर कुणाचे पैसे कुठे जातात हे बघते, तिच्याच. पुढच्या 'हिंदोळ्यावर' कादंबरीत नवऱ्यापासून वेगळी राहणारी अचला परपुरुषाशी नातं जोडते. तेव्हा स्वतः बाळूताईंचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. बसा आता तिथे आत्मचरित्र शोधत!

मला त्यांचं सगळ्यात थोर पुस्तक वाटतं ते 'बळी'. कन्याशाळा सोडून त्या सोलापूरला सरकारी नोकरीत गेल्या, 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटवर, म्हणजे त्यांना कोंडून ठेवणाऱ्या सरकारी वसाहतीवर. १८७१ च्या कायद्यानं जन्मल्याबरोबर माणसाच्या कपाळी चोर हा शिक्का. भोवती तारेचं कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि बाई तिथे अधिकारी! म्हणजे हजेरी घेणाऱ्यांच्या बाजूच्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसती सहानुभूती घेऊन आलेली पाहुणी चार दिवसांत कढ काढून परत गेली असती. पण कोंडणाऱ्या यंत्रणेचा पगार घेऊन कोंडलेल्यांच्यात वर्षं काढली की डोळ्यांना दोन्ही बाजू दिसतात, सुधारणेच्या नावाखाली काय चालतं तेसुद्धा. तिथल्या माणसांवरची 'बळी' ही कादंबरी आली १९५० मध्ये, नोकरी सुटून दहाएक वर्षांनी. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न झालं, त्या मालतीबाई झाल्या. सेटलमेंट मात्र डोक्यातून गेली नाही. देशभरात तो कायदा रद्द झाला तो १९५२ ला, म्हणजे कादंबरी त्याच्याही आधीची.

आपल्या मध्यमवर्गीय वाचकाला मात्र विभावरी म्हटलं की अजून 'कळ्या'च आठवतात. त्यात त्याला स्वतःच्या घरची ओळखीची खमंग चर्चा मिळते ना! कुंपणाआडच्या माणसांबद्दल कोण कुजबुजणार?

आता संसार हुडकणाऱ्यांना थोडा खाऊ देतो. १९५३ ला त्यांनी 'खरेमास्तर' लिहिली, आपल्या शिक्षक वडिलांवर. लेखिका म्हणून नाव विभावरी शिरूरकर, आणि पुस्तकाच्या शीर्षकात माहेरचं आडनाव! इथे आयुष्य सरळसरळ आलंय, त्यांनी ते लपवलेलंही नाही. तरी नवरा-बायकोच्या भानगडी शोधायला कुणी हे पुस्तक उघडलं तर हाती एक तत्त्वाचा, हट्टी मास्तर लागेल. मला तो आवडतो. कुणी वाचलं असेल तर कमेंटमध्ये लिहा, 'बळी'बद्दल तर जरूर लिहा.